मुंगूस, सायकल आणि वळणावरचा धोंडा

डोंगरमाथ्यापासून थेट ओढ्यापर्यंत उतरत गेलेल्या एका जंगलात, ओढ्याकाठी, एक मुंगूस राहत असे, आणि त्याच्याकडे जाड टायरची सायकल होती. मुलांनो, जंगलात सायकल कुठून आली हे मला विचारू नका. गोष्टीत असते. मुंगुसाच्या घराण्यात एक रीत होती. पिल्लाचे डोळे उघडले की त्याला पहिला धडा मिळे तो हा : "समोर शत्रू असला की त्याच्यावरून नजर हलवायची नाही." याच धड्यावर आपल्या मुंगुसानं भले भले नाग लोळवले होते आणि त्याचा त्याला भारी अभिमान होता.

एकदा मुंगुसाचं धाकटं पिल्लू तापानं फणफणलं. ते खाईना, पिईना, डोळे उघडीना. त्यावर औषध एकच, माथ्यावरच्या एका झाडाचा चीक. ते झाडही मोठं चिक्कू. दिवसाकाठी बांबूची एक नळी भरेल एवढाच चीक द्यायचं. शिवाय तो पातळ असतानाच पोटात जायला हवा. पायी आणावा तर वाटेतच त्याचा डिंक होई. म्हणून मुंगूस चढावर सायकल ढकलत माथ्यावर गेलं, नळी भरून गळ्यात अडकवली आणि उतारावर सुटलं.

उतार कसला, नुसता दगडगोट्यांचा पसारा! मधेच झाडांची मुळं, मधेच घसरडी मुरमाड माती. तरी मुंगुसानं ते सगळं पार केलं. पण अर्ध्या वाटेवर एक वळण होतं आणि ऐन वळणात एक काळा धोंडा वर आला होता. धोंडा आणि करवंदीची जाळी यांच्यामधून एक चाक सुखानं जाईल एवढी वाट होती. मुंगुसानं धोंडा पाहिला, अंगावरचे केस फुलवले, त्याच्यावर नजर रोखली, करकचून पुढचा ब्रेक दाबला आणि हँडलवरून उडून तोंडघशी पडलं. नळी फुटली. चीक मातीत गेला.

तिथं एक गवा चरत होता. हा गवा सायकलवर कसा मावायचा देव जाणे, पण उतारावर त्याच्यासारखा सायकलवाला त्या जंगलात दुसरा नव्हता. तो म्हणाला, "अरे बाबा, पुढचा ब्रेक असा आवळतात का? वेग कमी करायचा तो वळण यायच्या आधी. वळणात शिरल्यावर ब्रेकला फार छळायचं नाही. सीट खाली घे. उतारावर बूड सीटवरून उचलून मागं ने. दोन्ही पॅडल एका पातळीत ठेव, म्हणजे खालचं पॅडल दगडाला अडणार नाही. आणि कोपर सैल सोड रे, लाकडासारखा काय बसतोस!"

मुंगुसानं संध्याकाळपर्यंत घोटून घोटून सराव केला. दुसऱ्या दिवशी नवी नळी भरून ते निघालं. वळणाआधी वेग कमी केला, बूड मागं नेलं, पॅडल सारखी केली, कोपर सैल सोडले. मग धोंड्यावर नजर रोखली आणि सरळ जाऊन त्याच्यावरच आदळलं.

"सगळं तर बरोबर केलंस की रे!" गवा चक्रावून म्हणाला. "मग हा धोंडा तुला ओढून घेतो की काय?"

सांडलेल्या चिकाजवळ बसून मुंगूस रडू लागलं. तेवढ्यात वरच्या फांदीवरून शेकरूबाईंनी खाली मान काढली. झाडाझाडांवरून लांब उड्या मारण्यात सारा जन्म गेलेल्या या बाईंना दुसऱ्याची चूक पाहून गप्प बसणं कधी जमलं नव्हतं.

"रडणं पुरे. आधी सांग, बघत कुठं होतास?"

"धोंड्याकडे! शत्रूवरून नजर हलवायची नाही, हे आमच्या घराण्यात..."

"घराणं राहू दे बाजूला. तुला त्या धोंड्याला मारायचंय का?"

"छे! मला त्याच्या शेजारून जायचंय."

"मग शेजारी बघ ना! नागाला धरायचं तर नागाकडे बघावंच लागतं. पण सायकल, बाबा, डोळे नेतील तिकडे जाते. मी उडी मारते ना, तेव्हा पलीकडच्या फांदीकडे बघते. खालच्या दरीकडे बघत बसले असते, तर आज तुला शहाणपण सांगायला उरले नसते."

तिसऱ्या दिवशी सकाळी पिल्लाचं अंग निखाऱ्यासारखं तापलं होतं आणि श्वास अडखळत होता. मुंगुसाची बायको त्याच्या उशाशी बसली होती. ती शांतपणे म्हणाली, "अहो, आज सांडलं तर उद्या आणायला जाऊ नका. उपयोग व्हायचा नाही."

मुंगुसानं सायकल काढली. ते माथ्यावर गेलं, नळी भरली आणि उतारावर सुटलं. वळण आलं. वेग कमी झाला, बूड मागं गेलं, कोपर सैल पडले. समोर काळा धोंडा. मुंगुसाच्या अंगावरचा केस न् केस फुलला. पिढ्यान्‌पिढ्यांची खोड ती, मान आपसूक धोंड्याकडे वळू लागली. शत्रूवरची नजर काढणं म्हणजे त्याला मरणच वाटत होतं. पण दात-ओठ खाऊन त्यानं ती काढली. करवंदीच्या जाळीशेजारची मातीची पट्टी तेवढी पाहिली, आणि तिच्याही पुढची वाट पाहिली. जाळीचे काटे कानाला ओरबाडून गेले. पुढचं चाक पट्टीवरून गेलं, मागचंही गेलं. मग पुढचं मूळ आलं, त्याच्या पुढची घसरण आली, पण मुंगुसाचे डोळे वाट शोधत राहिले आणि सायकल त्या वाटेनं ओढ्यापर्यंत उतरली.

चीक अजून पातळ होता. आईनं तो थेंब थेंब पिल्लाच्या तोंडात सोडला. दुपार कलताना ताप उतरला आणि पिल्लानं डोळे उघडले. मुंगुसाच्या बायकोला रडू आवरेना. डोळे पुसून तिनं नवऱ्याच्या रक्ताळलेल्या कानाला पाला लावला आणि विचारलं, "अहो, आज तो मेला धोंडा नव्हता वाटतं वाटेत?"

"असेल की तिथंच," मुंगूस म्हणालं. "मी वाट बघत होतो."

तात्पर्य : अडचण कुठं आहे ते एकदा नीट पाहून घ्यावं, मग नजर ठेवावी ती तिच्या शेजारून जाणाऱ्या वाटेवर.