झऱ्याची राखण आणि सशाचा पाय

बालमित्रांनो, एका अरण्यात एक झरा होता आणि त्याच्या काठी एक वृद्ध कासव राहत असे. उन्हाळ्यात सारे अरण्य त्या एकाच पाण्यावर जगे. पाणी ओठांनी प्यावे, त्यात पाय घालू नये, असा तेथील नेम होता. झऱ्याची राखण पिल्लांकडे असे. चैत्रात दोन गटांत लंगडीचा डाव होई आणि जिंकणाऱ्या गटाला तो मान मिळे. गेल्या वर्षी राखणदारांच्या डोळ्यांवर झापड आली, रानडुकरे पाण्यात लोळली आणि ते गढूळ पाणी पिऊन एका सशाच्या धाकट्या बहिणीने महिनाभर अंथरूण धरले. म्हणून यंदाची राखण आपल्याकडे यावी, अशी त्या सशाला मनापासून तळमळ लागली होती.

डाव रंगला. पंच म्हणून बगळ्याला नेमले होते. त्याला खेळायला घेत नसत, कारण एका पायावर तो दिवसभर उभा राहिला असता. सशाच्या गटाची शेवटची लंगडी सशावर आली आणि समोर एकटी खार उरली. ती करवंदीच्या जाळीमागे पळाली. ससा मागोमाग गेला. तेथे त्याचा तोल गेला, उचललेला पाय क्षणभर भुईला लागला, आणि पुढच्याच उडीत त्याने खारीला शिवले. खारीची पाठ होती. बगळ्याची नजर झऱ्यातल्या माशावर होती. सशाचे सोबती आनंदाने नाचू लागले.

ससा मात्र जागीच उभा राहिला. मग म्हणाला, "खार बाद नाही. जाळीमागे माझा पाय टेकला."

त्याच्याच गटातले साळिंदर काटे फुलवून पुढे आले. "अरे शहाण्या, पंचाने पाहिले नाही, खारीने पाहिले नाही. तुला कोणी विचारले होते?"

"माझ्या पायाला ठाऊक आहे ना," ससा म्हणाला.

बगळ्यानेही घाईघाईने सांगितले, की आपल्याला तसा संशय आलाच होता. पण तेव्हा त्याच्या चोचीतून माशाची शेपटी लोंबत होती. सशाचा गट डाव हरला. ससा खाली मान घालून घराकडे निघाला.

कासवाने जिंकलेल्या गटाला विचारले, की भर दुपारी सारे अरण्य निजते, तेव्हा झऱ्याशी एकट्याने कोण बसेल? पिल्ले एकमेकांकडे पाहू लागली. शेवटी खार म्हणाली, "आजोबा, दुपारची पाळी त्या सशाला द्या. पाहणारे कोणी नसले, तर उन्हाने पाय पोळल्यावर आम्हीच पाण्यात उतरू. तो उतरणार नाही."

कासवाने समाधानाने मान डोलावली आणि ती पाळी सशाला दिली. ज्याच्या अंतरी साक्षी जागा आहे, त्याच्यावर पहारा कशाला हवा? त्या वर्षी ज्येष्ठ सरेपर्यंत झऱ्याच्या तळाचे खडे स्वच्छ दिसत होते, आणि सशाची बहीण रोज तेथे पाणी पिऊन बागडत होती.

पुढे एका संध्याकाळी लंगडीचा डाव चालला असता साळिंदर मध्येच थांबले आणि काहीतरी पुटपुटले. कोणालाच ऐकू गेले नाही. तेव्हा त्याने घसा साफ केला आणि पुन्हा, मोठ्याने सांगितले, "माझा पाय टेकला."

तात्पर्य : कोणी पाहत नसताना जो खेळाचा नियम पाळतो, त्याच्याच हाती सर्वांच्या मालकीची वस्तू निर्धास्तपणे सोपवावी.