अडलेला लोबान

“…मग मुकुंददादाची पायरीसुद्धा फोडायची का?”

दिगूने हा प्रश्न सगळ्यांना विचारून पाहिला होता. नगरपालिकेच्या इंजिनिअरने नकाशावर बोट ठेवलं आणि बोट तिथंच ठेवून तो दुसऱ्याच माणसाशी बोलू लागला. वहिनीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि पाणी भरायला उठली. पेठेतले दुकानदार नुसते हसले.

म्हणून आज तो जमालबाबांच्या दारात उभा होता, आणि बाबा निखाऱ्यांवर फुंकर घालत बसले होते.

बाबा फकीर होते. दर गुरुवारी सकाळी सोनकोटच्या जुन्या पेठेत दुकानोदुकानी लोबानाचा धूर द्यायचा आणि मिळेल ते झोळीत घ्यायचं, एवढंच त्यांचं काम. पेठेत भांडण लागलं की लोक त्यांच्याकडे यायचे. बाबा कुणाची बाजू घेत नसत, तरी भांडण मिटायचं.

दिगूला मात्र भांडण मिटवायचं नव्हतं. जिंकायचं होतं.

जुनी पेठ मरायला टेकली होती. रस्ता चांगला रुंद होता, पण प्रत्येक दुकान वर्षावर्षाला हळूच पुढे सरकत आलं होतं. कुणी फळी टाकली, कुणी टोपल्या मांडल्या, कुणी पत्रा ओढला. चालणाऱ्या माणसाला कडेला जागाच उरली नाही. तो मधून चालायचा, आणि मागून मोटारसायकलवाला त्याच्या कानात हॉर्न वाजवायचा. बायकांनी यायचं सोडलं. त्या हायवेवरच्या नव्या कॉम्प्लेक्सात जाऊ लागल्या. तिथं निदान पायाखाली फरशी होती.

अशात सरकारने जुन्या पेठा पुन्हा नांदत्या करायला निधी दिला. दोन्ही कडांना सावलीचा पदपथ, बसायला बाकडी, गाड्या पेठेबाहेर. अट एकच. प्रत्येकाने आपापल्या उंबऱ्यापर्यंत मागे सरायचं. एक जरी दुकान पुढे राहिलं तरी काम सुरू होणार नाही, आणि मार्च संपला की निधी परत जाणार.

दिगूने हे काम डोक्यात घेतलं. त्याला कारण होतं. बांगड्यांचं दुकान थोरल्या भावाचं, मुकुंदचं. दिवाळीच्या तोंडावर मुकुंद कावीळ होऊन गेला, आणि वहिनी, पोरं, दुकान सगळं दिगूच्या गळ्यात आलं. दिगू शाळेत कधी टिकला नव्हता, कुठल्या कामावरही टिकला नव्हता. पेठ मेली तर दुकान मरणार, आणि दुकान मेलं तर घरात चूल कशी पेटणार, एवढं त्याला न शिकता कळत होतं.

पण त्याची तऱ्हा अशी, की समजवायला जायचा आणि भांडून यायचा. कापडवाल्या पोपटशेठची साडी नेसवलेली प्लॅस्टिकची बाई भर रस्त्यात उभी असायची. दिगूने ती उचलून गटारात ठेवली. पोपटशेठने तिला धुऊन, नवी साडी नेसवून, आणखी हातभर पुढे उभी केली.

“आधी तुझी पायरी मागे घे, दिग्या,” पोपटशेठ म्हणाले. “मग आमच्या बाईला हात लाव.”

पायरीचं खरं होतं. बांगड्यांचं दुकान उंच ओट्यावर. बायकांना चढायला त्रास होतो म्हणून मुकुंदने स्वतःच्या हाताने सिमेंटची रुंद पायरी घातली होती, थेट रस्त्यात. दोघी ऐसपैस बसतील एवढी. बाई तिथं बसायची, मुकुंद आत बसून तिचा हात हातात घ्यायचा, गप्पा मारता मारता बांगड्या कधी चढल्या ते तिला कळायचंही नाही. दिगूच्या हातून त्या फुटायच्या.

हे सगळं दिगूने बाबांना एका दमात सांगितलं. आणि शेवटी म्हणाला, “पेठेला तुम्ही सांगा, मागे सरा म्हणून. तुमचं ऐकतील.”

“आणि पायरी?”

“पायरी राहील. ती दादाची आहे. तिच्यावर मी पितळेची पट्टी बसवणार आहे, दादाच्या नावाची.”

बाबांनी निखाऱ्यांवर आणखी एक फुंकर घातली. “वा,” ते म्हणाले. “छान दिसेल.”

दिगूला वाटलं, काम झालं.

“आता ही लोबानदाणी धर. माझे गुडघे आज ऐकत नाहीत.”

दिगू म्हणाला, मी विचारायला आलोय, धूर द्यायला नाही. बाबा म्हणाले, विचारायला कुणी ना म्हटलंय, चालता चालता विचार. आणि ते चिमटा वाजवत निघालेही.

आता पेठेची एक रीत होती. लोबान कधी रस्त्यात उतरत नसे. तो दुकानांच्या कडेकडेने, उंबऱ्याला लागूनच जायचा. रस्त्यात उतरला की दुकानाची बरकत रस्त्यावर सांडते, असं जुने लोक सांगत, आणि नव्या लोकांना ते खोटं करून पाहायची हिंमत नव्हती. त्यामुळे पेठेच्या तोंडाशी बाबांचा चिमटा वाजला की सगळी पेठ मालाला हात घालायची. फळ्या उचलल्या जायच्या, टोपल्या आत जायच्या, लोंबते पत्रे दोरीने वर ओढले जायचे. लोबान पुढे गेला की ज्याचा त्याचा माल पुन्हा रस्त्यावर.

दिगू जन्मापासून हे बघत आला होता. आज पहिल्यांदा तो त्यातून चालला.

पुढे वाट उघडत होती, मागे मिटत होती. मसालेवाल्याने मिरचीची पोती पोटाशी धरली. भांडेवाल्याने घागरींची उतरंड दोन्ही हातांनी कवटाळली आणि लोबानाला मान लववली, तशी वरची घागर त्याच्या डोक्यावर बसली. दिगूला हसू आलं. दादा गेल्यापासून त्याला हसू आलं की लगेच राग यायचा. आजही आला.

“बघा ना बाबा,” तो म्हणाला, “यांना सरकता येतं. म्हणजे हे मुद्दाम करतात.”

बाबा चिमटा वाजवत पुढच्या दुकानाकडे वळले.

चालत चालत दोघे बांगड्यांच्या दुकानाशी आले. समोर मुकुंदची पायरी.

इतकी वर्षं बाबा ती चढून पलीकडे उतरत. मुकुंद धावत येऊन हात द्यायचा. आज दिगूने लोबानदाणी डाव्या हातात घेऊन उजवा पुढे केला.

बाबांनी तो धरला नाही.

“उचल,” ते म्हणाले.

“काय?”

“पायरी.”

“बाबा, सिमेंटची आहे. कशी उचलू?”

“असं होय…”

बाबा पायरीवर बसले. काठी बाजूला ठेवली, चिमटा मांडीवर घेतला आणि सावलीत बसलेल्या माणसासारखे आरामात इकडेतिकडे पाहू लागले.

“मग थांबू या,” ते म्हणाले. “बसायला तर झकास आहे.”

लोबान अडला.

मागची पेठ केव्हाच मिटली होती. पुढची मात्र उघडी पडली होती, कारण लोबान जाईपर्यंत माल खाली ठेवायची कुणाची छाती नव्हती. पोपटशेठ आपल्या प्लॅस्टिकच्या बाईला कडेवर घेऊन उभे होते. आधी उजव्या कडेवर घेतली, मग डाव्या. काय खोळंबा आहे म्हणून त्यांनी लांबूनच विचारलं. बाबांनी हात हलवला, सगळं ठीक आहे असा.

दिगू म्हणाला, मी उचलून पलीकडे नेतो तुम्हाला. बाबा म्हणाले, मला नेशील, बाकीच्यांना?

“बाकीचे कोण?”

बाबांनी चहा मागवला.

आणि तेवढ्यात एक गोष्ट झाली. पेठेच्या पलीकडच्या तोंडाने एक म्हातारी आत शिरली. हातात पिशवी, डोळ्यांना बेताचं दिसत असावं. तिने सवयीने रस्त्यात पाऊल टाकलं, थबकली, कडेकडे पाहिलं… आणि भिंतीला हात लावत सावलीतून चालू लागली. तिच्यामागून दोन पोरी आल्या, त्यांच्यामागून कडेवर मूल घेतलेली बाई. कुणाच्या कानात हॉर्न वाजला नाही. मुलाने पोपटशेठच्या दुकानातलं झबलं धरलं ते सोडेना. आईने भाव विचारला. पोपटशेठच्या दोन्ही हातांत प्लॅस्टिकची बाई. ते म्हणाले, जरा हिला धरता का, आणि तिने धरली, आणि पोपटशेठने तिला झबली दाखवली.

दिगू बघत राहिला.

म्हातारी कडेकडेने पायरीपर्यंत आली. तिथं वाट संपली. ती पायरीला वळसा घालायला खाली उतरली, आणि एक मोटारसायकल तिच्या पदराला घासून गेली. म्हातारी तोल सावरून उभी राहिली. रागावली नाही. तिला सवय असावी.

बाबांनी तिला आपल्याशेजारी बसवून घेतलं आणि आपल्या बशीतला चहा दिला.

“मुकुंदची पायरी,” ते तिला म्हणाले. “चांगला माणूस होता.”

“होता हो,” म्हातारी म्हणाली. “माझ्या सुनेला त्यानंच भरल्या होत्या बांगड्या.”

दिगूने हातातली लोबानदाणी ओट्यावर ठेवली आणि तो आत गेला. बराच वेळ बाहेर आला नाही. पोपटशेठने लांबून ओरडून सांगितलं की आता झबलीसुद्धा तीन घेऊन झाली, पुढे या.

दिगू पहार घेऊन बाहेर आला. मागून वहिनी आली. ती दारात थांबली. त्याने तिच्याकडे पाहिलं.

“करा, भाऊजी,” ती म्हणाली. “मला सांगवत नव्हतं इतकंच. चढायला मी घरचं स्टूल आणून ठेवीन.”

बाबा आणि म्हातारी उठून कडेला झाले.

पहिला घाव बसला तो पायरीपेक्षा पेठेलाच. दुसऱ्या घावाला कोपरा निघाला. मग दिगू थांबला नाही. मुकुंदने सिमेंट काही काटकसरीने घातलं नव्हतं, पायरी सहज हार मानणारी नव्हती. धूळ उडाली तशी बाबांनी कपावर हात धरून, जरा हळू रे, चहा आहे, असं बजावलं. भांडेवाला घागरी सोडून आला आणि घमेल्यात राडारोडा भरू लागला. मसालेवाला शिंकत आला. पोपटशेठही आले. प्लॅस्टिकच्या बाईला त्यांनी दुकानात, अगदी आतल्या भिंतीशी उभं केलं होतं. घमेलं उचलताना ते दिगूला म्हणाले, गटारातली धुलाई मात्र तुझ्या नावावर आहे हं.

शेवटचा तुकडा निघाला. उंबऱ्याला लागून सरळ जमीन दिसली, ओलसर, इतक्या वर्षांत ऊन न पाहिलेली.

दिगू त्या जागेवर उभा होता. पहार हातात, तोंड धुळीने पांढरं, आणि त्या धुळीतून डोळ्यांचं पाणी खाली वाट काढत होतं. मुकुंद गेला तेव्हा तो रडला नव्हता. तेव्हा त्याने दवाखान्याच्या दाराला लाथ घातली होती.

“बाबा…” तो म्हणाला. “दादा इथंच असायचा.”

बाबांनी निखाऱ्यांवर लोबानाची चिमूट टाकली. धूर वर आला. त्यांनी लोबानदाणी उचलली, स्वतःच्याच हातात घेतली, आणि पुढे आले. दिगूच्या पलीकडे, इकडे यायला निघालेली म्हातारी पिशवी सावरत उभी राहिली. तिच्यामागे आणखी कुणी, त्यांच्यामागे आणखी कुणी. पुढे अर्धी पेठ हातात माल घेऊन ताटकळली होती.

दिगू हलला नाही.

बाबा त्याच्यासमोर थांबले.

मग हळूच म्हणाले, “आता तूही सरक.”