अडलेला 'म'

सोपानगिरी महाराजांचा मुक्काम त्या साली चार महिने खैरदरीला होता. देवळाच्या एका ओवरीत त्यांचं आसन आणि शेजारच्या ओवरीत ठकूबाई कासारणीची शाळा. शाळा म्हणायची ती कौतुकानं. मुलं तीन, तिन्ही जन्मापासून ठार बहिरी. त्यातली एक ठकूबाईंचीच लेक, गोजरा. दुपारपर्यंत बांगड्या विकून ठकूबाई या मुलांना बोलायला शिकवीत. त्यांचे हात आपल्या गळ्यावर ठेवून घेत, ओठांपुढे पीस धरून 'प' काढून घेत. महाराज डोळे मिटून ते सारं ऐकत असत.

घोडं अडलं होतं 'म'पाशी. 'प' काय आणि 'म' काय, ओठ सारखेच मिटतात. ऐकू न येणाऱ्यानं फरक ओळखायचा कसा? त्यामुळे नऊ महिने झाले, गोजरा 'माय' म्हणायला जाई आणि तोंडून 'पाय' निघे. ठकूबाई तिचं बोट आपल्या नाकाला लावून 'म'ची थरथर दाखवीत. पोरीला ती कळे, पण स्वतःला काही साधत नसे.

गावचे पुराणिक दाजीशास्त्री यांना हा आवाज सोसवत नसे. विद्वान खरे, पण विद्येपेक्षा तोरा मोठा. उत्सवाच्या दिवशी त्यांनी भर सभेत मायलेकींना उभं केलं आणि बजावलं, की पोरीनं एक तरी शब्द धड म्हणावा, नाहीतर उद्यापासून ओवरी रिकामी करावी. ओवरी गेली तर या मुलांना जागा कोण देणार?

गोजरानं आईकडे पाहिलं, ओठ मिटले आणि ती म्हणाली, "पाय."

सभेत खसखस पिकली. ज्यांचे कान देवानंच बंद केले, त्यांच्या तोंडाशी कसली झटापट करता, असं शास्त्री हसत म्हणाले.

"ओठ सारखंच मिटत्यात, म्हाराज," ठकूबाई सभेत बसलेल्या सोपानगिरी महाराजांकडे वळून कळवळून म्हणाल्या. "पोरीनं वळखायचं कसं?"

महाराजांनी शास्त्र्यांकडे नुसतं पाहिलं. आणि काय सांगावं! शास्त्र्यांना ऐकू येईनासं झालं. माणसं बोलताना दिसत होती, आवाज मात्र नव्हता. घाबरून ते महाराजांकडे वळले. महाराजांचे ओठ हलले.

"पाय? कुणाचे पाय धरू?" शास्त्री पायांकडे हात करून ओरडले.

महाराज 'माय' म्हणाले होते. सभेनं ते स्पष्ट ऐकलं होतं, आणि या खेपेला कुणी हसलं नाही.

ही चूक गोजराइतकी कुणाच्या ओळखीची असणार? सोवळ्यातल्या शास्त्र्यांचा हात धरायची गावात कुणाची छाती नव्हती. पोरीनं तो सरळ धरला, त्यांचं बोट आपल्या नाकाला लावलं आणि आई शिकवी तसं त्यांना शिकवू लागली. ओठ मिटले. बोटाखाली काहीतरी थरथरलं. दुसऱ्याला समजावण्याच्या भरात तिचं तिलाच ते सापडलं.

"माय."

"माय," शास्त्री तिच्यामागून म्हणाले, आणि महाराजांच्या कृपेनं त्यांचे कान उघडले. पहिला आवाज कानी पडला तो त्या पोरीचाच. ती तोच शब्द पुन्हा म्हणत होती, वाकडातिकडा, पण पुरा. शास्त्र्यांचे डोळे भरून आले.

महाराज म्हणाले, "शास्त्रीबुवा, तुम्हा-आम्हाला हा शब्द आयता मिळाला. या माउलीनं त्याच्यासाठी दुसऱ्यांदा नऊ महिने काढले."

शास्त्र्यांनी भर सभेत ठकूबाईंपुढे लोटांगण घातलं आणि ओवरी तुमचीच, असं सांगितलं. पण आपल्या कुणी पाया पडतंय याचं ठकूबाईंना भानच नव्हतं. त्या लेकीपुढे गुडघे टेकून बसल्या होत्या. तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून, आपले ओठ तिला नीट दिसावेत असे सावकाश हलवत, एवढंच सांगत होत्या, "पुन्यांदा म्हण, बाय. पुन्यांदा म्हण."