धुळाच्या घोंगडीखालचे ठोंब

फार वर्षांमागं तांबडमाळावर धुळा नावाचा धनगर होता. माळाची तब्येत तो लांबून बघून कधी सांगत नसे. लांबून काय, मेंढरं तोंड लावत नाहीत ती कुसळीसुद्धा चाऱ्यासारखीच दिसते! तो डोळे मिटून घोंगडी टाकायचा आणि तिच्याखाली काय सापडलं ते मोजायचा. ओढ्याकाठच्या काळ्या जमिनीचं माप वेगळं, वरच्या मुरमाड माळाचं वेगळं. जी जमीन जे देऊ शकते, तेवढंच तिच्याकडे मागायचं, असं तो म्हणे. माळावर घोंगडीखाली पवना या कसदार गवताचे वीस ठोंब, म्हणजे मूळ धरलेले झुबके, भरले की तो सांगायचा, "उघडा." मगच गावाची मेंढरं वर जायची. त्याचा शब्द कधी चुकला नाही, असं म्हणतात.

एका साली पावसानं दगा दिला. दसऱ्यानंतर धुळानं घोंगडी टाकली, तर खाली पवन्याचे सातच ठोंब निघाले. बाकी कुसळी आणि उघडी माती. माळाला वर्षभर विसावा हवा होता, हे त्याला कळलं. पण घरच्या गाभण मेंढ्यांच्या बरगड्या दिसत होत्या. बायको कोंडाई त्याच्या पाया पडली.

"आवं, माझ्या म्होरं मरत्याती ती. येवढ्या साली हो म्हना."

धुळानं घाईघाईनं घोंगडी गुंडाळली आणि गावाकडं न बघताच म्हणाला, "उघडा."

कुणी खाली वाकून बघितलं नाही. धुळाच्या शब्दावर कोण बघणार? महिन्याभरात माळ मुळासकट संपला. पुढच्या पावसात माती ओढ्याला गेली, नुसता मुरूम उरला. मेंढरं मेलीच, कोंडाईचीसुद्धा. माणसं वाईट नव्हती हो, म्हणून तर राग कुणावर काढायचा तेच मला कळत नाही.

धुळा मग रोज घोंगडी टाकायचा आणि रोज मोजायचा. एका सकाळी घोंगडी होती, माणूस नव्हता. लोकांनी ती उचलली, तर खाली पवन्याचे वीस ठोंब, हिरवेगार. दुपारपर्यंत उन्हानं सगळे करपून गेले, असं म्हणतात.

अजूनही दसरा झाला की तिथं घोंगडी टाकतात. एकट्याच्या शब्दावर आता कुणी जात नाही. म्हातारी, पोरंटोरं, सगळी वाकून खाली बघतात. सगळ्यात थोरला विचारतो, "धुळा, किती?" आणि धुळाला जे खरं बोलता आलं नाही, ते सगळा गाव मिळून बोलतो, "एक बी न्हाई."

मग मेंढरं वळवून सगळे खाली उतरतात.