आप्पांच्या बियाणाच्या शेंगा

माझ्या लिहिण्यात ऱ्हस्वदीर्घाच्या चुका सापडतील, त्याबद्दल आधीच माफी मागतो. सातवीनंतर शाळा सुटली. शब्दही माझ्याकडे साधेच आहेत. जे झालं तेवढंच लिहितो.

‘‘किती वेळा म्हणालास त्यांना, हसा म्हणून?’’ आप्पांनी विचारलं.

‘‘पंधरावीस वेळा तरी.’’

‘‘आणि हसलं कोण?’’

‘‘कोणीच नाही.’’

‘‘तू?’’



दौलत आप्पांनी चाळीस वर्षं आमच्या गावात फोटो काढले. मला कॅमेरा धरायला त्यांनीच शिकवलं. आता काचबिंदूने त्यांचे दोन्ही डोळे गेलेत. दिवसभर लिंबाखाली पोत्यावर बसून ते भुईमुगाच्या बियाणाच्या शेंगा फोडतात. दिसत नाही, पण बोटांना कळतं, म्हणतात.

त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो तो रागातच.

केसर आजी बोरसेंनी मला बोलावलं होतं. त्यांचे दोन मुलगे, हिलालभाऊ आणि गोकुळभाऊ, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वेगळे होणार होते. गोकुळभाऊ बायको आणि लेकीला घेऊन मळ्यातल्या नव्या घरात जाणार. तिथं वेगळी चूल पेटणार. आखाजीला दोनच दिवस उरले होते. आजीचं म्हणणं एवढंच, की सगळे एका चुलीचे आहेत तोवर एक फोटो हवा.

मी दुपारी गेलो होतो. अंगणात उजेड उत्तम होता. खुर्च्या मांडल्या. सगळे नव्या कपड्यांत बसले. आणि एकही फोटो निघायच्या आत आजी उठून उभ्या राहिल्या.

‘‘राहू दे बेटा,’’ म्हणाल्या. ‘‘हा फोटो मला नको.’’

एवढं बोलून त्या घरात गेल्या. मला अंगणात सगळ्यांसमोर फार लाज वाटली.

‘‘आप्पा, चूक माझी नव्हती,’’ मी म्हणालो. ‘‘उजेड बरोबर होता. मांडणी बरोबर होती. माणसंच तशी. थोरला भाऊ धाकट्याकडे बघत नाही, धाकटा थोरल्याकडे बघत नाही. अशा घराचा फोटो कोण काढणार?’’

‘‘कोण कुठे बसलं होतं?’’

‘‘सांगतो ना. मधे...’’

‘‘सांगू नकोस. मांड.’’

त्यांनी मूठभर शेंगा माझ्यासमोर टाकल्या.

मी माती हाताने सारखी केली. मधे एक मोठी शेंग ठेवली, ती आजी. उजवीकडे हिलालभाऊ, त्यांची बायको, दोन मुलगे. डावीकडे गोकुळभाऊ, त्यांची बायको आणि सोनू, त्यांची चार वर्षांची पोरगी.

आप्पांनी वाकून एकेक शेंग चाचपली. फार हळू.

‘‘ही बारकी कोण?’’

‘‘सोनू. तिनेच सगळा घोळ केला. सारखी उठून हिलालभाऊंच्या मांडीवर जायची. मी उचलून तिच्या आईजवळ ठेवायचो. तीन वेळा ठेवली. तिसऱ्या वेळी तिने भोकाड पसरलं.’’

‘‘का ठेवलीस?’’

‘‘इकडे चार, तिकडे तीन. ती तिकडे गेली की इकडे पाच आणि तिकडे दोन. फोटो एका बाजूला कलतो, आप्पा.’’



आप्पांचं बोट आजीच्या शेंगेवर थांबलं. तिथून त्यांनी ते सरळ खाली ओढलं. मातीत रेघ उमटली. चार शेंगा एका बाजूला राहिल्या, तीन दुसऱ्या बाजूला.

‘‘वाटणी आखाजीला आहे म्हणालास ना?’’

‘‘हो.’’

‘‘मग तू आजच का केलीस?’’

...

मला आजींचा उठतानाचा चेहरा आठवला. मी समजलो होतो, त्यांना ऊन लागतंय.

‘‘फोड,’’ आप्पा म्हणाले.

‘‘काय?’’

‘‘शेंगा. हात रिकामे असले की माणूस रडवा होतो.’’

मी फोडायला लागलो. पहिल्या चारपाच दाण्यांचे मी तुकडेच केले.

‘‘हळू. पेरायचे आहेत ते. चटणी नाही करायची.’’

मी हळू फोडायला लागलो.

‘‘लोटन,’’ थोड्या वेळाने ते म्हणाले, ‘‘पारोळ्याला मुलगी बघायला गेला होतास, तर कॅमेरा गळ्यात घालून गेला होतास म्हणे. खरं का?’’

‘‘कोणी सांगितलं?’’

‘‘तुझ्या मामाने. मुलगी चहा घेऊन आली, तर तू तिच्याकडे न बघता भिंतीवरच्या कॅलेंडरचा फोटो काढलास.’’

‘‘कॅलेंडर नव्हतं ते, आप्पा. घड्याळ होतं.’’

‘‘बरोबर किती वाजले होते?’’

‘‘बंद होतं.’’

आणि मला हसू फुटलं. किती दिवसांनी, मलाच माहीत नाही. हातातली शेंग खाली पडली, ती शोधताना मी आणखी हसलो.

आप्पांनी टाळूला जीभ लावून आवाज केला.

टक्.

मी वर बघितलं. त्यांचे पांढुरके डोळे माझ्याकडेच होते.

‘‘निघाला,’’ ते म्हणाले.

‘‘काय निघाला?’’

‘‘तुझा फोटो.’’

...

ऊन उतरलं होतं. त्यांच्या सूनबाई दिवा लावायला अंगणात येऊन गेल्या. आम्ही दोघं फोडत राहिलो.

‘‘आप्पा,’’ शेवटी मी विचारलं, ‘‘मी परत गेलो तर आजी दारात उभं करतील का?’’

‘‘मला काय माहीत.’’

‘‘आणि त्या दोघा भावांना सांगू काय?’’

‘‘तुला काय सांगायचंय?’’

मी विचार केला. माझ्याजवळ सांगण्यासारखं काहीच नव्हतं. जवळ बसा, हसा, इकडे बघा, एवढंच मला येत होतं.

‘‘काही नाही,’’ मी म्हणालो.

आप्पांनी मान हलवली. मग मागे हात नेऊन एक अर्धं भरलेलं पोतं माझ्याकडे ढकललं.

‘‘हे ने त्यांच्याकडे. माझे हात आता दुखतात. उद्या फोडून हवंय.’’

मी पोतं खांद्यावर घेतलं. ओसरीच्या भिंतीला सहासात सुपं अडकवलेली होती. माणसं आठ, म्हणून मी चार काढली, दोघांत एक येईल अशी. भिंतीवरून सुपं निघाल्याचा आवाज आप्पांनी ऐकला.

‘‘ठेव ती.’’

‘‘मग दाणे कशात टाकतील?’’

‘‘सूप एकच ने.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बोरसेंच्या अंगणात गेलो. खुर्च्या अजून कालच्यासारख्याच होत्या. चार इकडे, तीन तिकडे, मधे एक. गोकुळभाऊ भांड्यांचं गाठोडं बांधत होते. हिलालभाऊ दुसऱ्या टोकाला दात घासत होते.

आजी दारात आल्या.

‘‘फोटो नको म्हणाले ना रे मी.’’

‘‘फोटोला नाही आलो, आजी. दौलत आप्पांच्या बियाणाच्या शेंगा आहेत. त्यांचे हात दुखतात. आजच फोडून हव्यात म्हणाले.’’

‘‘मग खांद्याला तो कॅमेरा कशाला लटकवलाय?’’ हिलालभाऊ म्हणाले. ‘‘त्याने फोडणार शेंगा?’’

मी खुर्च्या उचलून भिंतीला लावल्या. अंगणाच्या मधोमध पोतं ओतलं आणि त्याच्या शेजारी सूप ठेवलं.

आजींनी ढिगाकडे बघितलं. मग पदर खोचून खाली बसल्या.

‘‘आप्पांचं काम आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘या रे सगळे.’’

एकेक जण आला. गोकुळभाऊ गाठोडं सोडून आले, पण लांब बसले.

‘‘सूप एकच आणलंस?’’ थोरल्या वहिनी म्हणाल्या. ‘‘थांब, आतून आणखी आणते.’’

‘‘नको वहिनी. एकच.’’

लांब बसून दाणे सुपात पडेनात. गोकुळभाऊ जरा पुढे सरकले. सोनू उठली, ढिगाला वळसा घालून गेली आणि हिलालभाऊंच्या मांडीवर जाऊन बसली.

या वेळी मी तिला उचललं नाही. कॅमेरा बाजूला ठेवला, मांडी घालून बसलो आणि एक शेंग फोडली.