फ्लॅशला नमस्कार

“मग करू तरी काय, अप्पा? फ्लॅश लावला की आत्या डोळे मिटते, आणि फ्लॅश बंद केला की फोटो हलतो!”

अप्पा पूजेसाठी बेलाची पानं निवडत होते. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही.

“कप घरीच आहे ना तुझा? त्याला विचारून बघ.”

सिद्रामचे कान लाल झाले. जिल्ह्याच्या फोटो स्पर्धेत कप मिळाला, त्या दिवसापासून पठ्ठ्या इकडं फिरकला नव्हता. ज्या माणसानं हातात पहिल्यांदा कॅमेरा दिला, त्याला साधा पेढा नेऊन दिला नव्हता. आता अडलं, तशी स्वारी मठाच्या पायरीवर हजर!

रेवणअप्पांनी जन्मभर फोटो स्टुडिओ चालवला. बायको गेल्यावर त्याला कुलूप लावलं आणि मठाच्या पडवीत येऊन राहिले. पण भलेभले फोटोवाले अडले, की अजून त्या पडवीचीच वाट धरायचे. अप्पांच्या हातचा फोटो बघितला की माणूस म्हणायचा, अरे, हा आता बोलेल!

“चेष्टा नको, अप्पा. परवा आत्याचा डावा डोळा काढणार आहेत.”

अप्पांचे हात थांबले.

“आत गाठ आहे. जीव वाचवायचा तर डोळा जाणार, म्हणाले डॉक्टर. आईमागं तिनंच मला वाढवलं... आणि तिचा एक धड फोटो नाही घरात. साऱ्या गावाचे काढले मी. तिचा काढायचा राहिला. तिचे दोन्ही डोळे असलेला एक फोटो पाहिजे, अप्पा. एकच.”

“आण इकडं.”

मुठीत मावेल एवढा कॅमेरा. अप्पा मागच्या पडद्यावर एकेक फोटो बघू लागले. पहिल्यात आत्या हात जोडून, डोळे मिटून. दुसऱ्यात तशीच. तिसऱ्यातही तशीच...

“डोळे लाल येऊ नयेत म्हणून हा आधी एक चमक टाकतो,” सिद्राम घाईनं सांगू लागला. “ती दिसली की हिचे हात जोडले गेलेच! मग खरा फ्लॅश पडतो तेव्हा डोळे मिटलेले. कितीदा सांगितलं, आत्या, हा देवापुढचा दिवा नाही. तर म्हणते, उजेड आला की हात आपसूक जातात रे, मी काय करू?”

“मग ती आधीची चमक बंद करायची.”

“केली. हा बघा.”

पांढराफटक चेहरा, लालभडक बुबुळं, मागं नुसता काळोख.

“हा बघून आत्याच म्हणाली, अगं बाई, ही कोण हडळ!”

अप्पा हसले नाहीत. “बाहेर बसव की उजेडात.”

“ऊन सोसत नाही तिला. डोळ्यांत सुया टोचतात म्हणते. दार ओढून आत बसलेली असते दिवसभर.”

“आणि फ्लॅश?”

सिद्राम खाली पडलेलं बेलाचं पान उचलू लागला.

“तोही टोचत असेल ना?”

“...असेल.”

“तरी हात जोडते.”

अप्पांनी बेलाची परडी देवापुढं नेऊन ठेवली, खांद्यावर उपरणं टाकलं आणि म्हणाले, “चल.”

घरी पोचेस्तोवर दिवेलागण झाली. गुरव्वा आत्या आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. आवाजावरून तिनं ओळखलं.

“अप्पा होय! बसा, बसा. या पोरानं तुम्हालाही कामाला लावलं का?”

“फोटो काढायचाय तुझा, गुरव्वा.”

“काढा की. आता नाही हो मी हात जोडत. हे बघा!” आणि तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

अप्पा तिच्यापुढं खाली बसले.

“सोड गं ते. हात आहेत तुझे, कैदी नव्हेत.”

मग त्यांनी कॅमेरा घेतला. फ्लॅश बंद केला. अंधुक उजेडही पुरावा म्हणून शटर सेकंदभर उघडं राहील असं ठेवलं.

“सेकंदभर?” सिद्राम कुजबुजला. “अप्पा, याच्या निम्म्यातसुद्धा माझा हात हलतो!”

“मग हातात धरतोस कशाला?”

कोपऱ्यात जातं होतं. त्यावर उपरण्याची घडी घातली, घडीवर कॅमेरा टेकवला. बटण दाबतानाही धक्का बसतो, म्हणून टायमर लावला. बटण दाबल्यावर दहा सेकंदांनी आपोआप फोटो निघावा असा.

“कॅमेरा नाही हलणार, कबूल. पण आत्या? तिला सांगा ना, हलू नको म्हणून.”

अप्पांनी ते ऐकल्यासारखं दाखवलंच नाही.

“गुरव्वा, आज दिवा नाही लावायचा?”

“अगं बाई, बोलण्याच्या नादात राहिलंच की!”

चाचपडत तिनं काडेपेटी घेतली, समई लावली. लावली आणि लगेच हात जोडले, डोळे मिटले. ओठ हलू लागले.

सिद्रामनं कपाळावर हात मारला. घ्या! पुन्हा तेच!

आणि नेमकं त्याच वेळी अप्पांनी बटण दाबलं.

“अप्पा, डोळे मिटलेत तिचे!”

अप्पांनी ओठांवर बोट ठेवलं...

आत्याचा नमस्कार झाला. तिनं डोळे उघडले आणि ज्योतीकडं बघत राहिली. हात सावकाश खाली येत होते. चेहऱ्यावर कसली म्हणून घाई नव्हती. रोज दिवा लावल्यावर ती अशीच बसत असणार, आणि त्याच घरात राहून सिद्रामनं हे एकदाही बघितलं नव्हतं. या वेळेला तो नेहमी चौकात असायचा.

टिक्...

केवढा मोठा तो सेकंद!

टिक्.

पडद्यावर फोटो आला. आत्या होती. हडळ नाही, डोळे मिटलेली नाही. लहानपणी तापात उशाशी बसलेली, तीच. दोन्ही डोळे उघडे, आणि दोन्हींत एकेक ज्योत.

सिद्रामला रडू आवरेना. त्यानं अप्पांच्या पायांवर डोकं ठेवलं. “धन्य आहे तुमची, अप्पा! मी नुसता उजेडाच्या मागं धावत होतो हो...”

“आधी तिला दाखव,” अप्पा म्हणाले.

आत्यानं कॅमेरा अगदी नाकाशी धरला. बराच वेळ बघितलं.

“दोन्ही आहेत की रे,” ती म्हणाली. “बरे होते बाई माझे डोळे.”

सिद्रामनं तिच्या हातातून कॅमेरा हळूच घेतला.

पण कप मिळवलेला माणूस, स्वभाव कुठं जातो? सिद्रामनं डोळे पुसले, फोटो मोठा करून बघितला आणि त्याची भुवई वर गेली.

“अप्पा, हात हललेत. नुसता धूर दिसतोय हातांच्या जागी. अजून एक घेऊ या, चटकन. आत्या, समई जरा शांत कर आणि पुन्हा लाव. या वेळी हात तेवढे मांडीवरच ठेव, म्हणजे...”

अप्पांनी हात पुढं केला आणि कॅमेऱ्याच्या भिंगावर तळवा ठेवला.

“सिद्रामा, सांजेचा दिवा एकदाच लावतात.”