खासनिसांची बोटं

एकदा एका तालुक्याच्या गावी एक शिष्य राहत होता, आणि त्याला साऱ्या गावाचं भलं करण्याची फार घाई होती. नाव कौस्तुभ. संगणक दुरुस्त करणाऱ्या एका वृद्ध मास्तरांच्या हाताखाली तो विद्या शिकला आणि शिकता शिकता मुक्त प्रणालीचा भक्त झाला. मुक्त प्रणाली म्हणजे संगणक चालवणारी अशी व्यवस्था, जी कुणा एका कंपनीच्या मालकीची नाही, विकत घ्यावी लागत नाही, आणि जिच्या पोटात शिरून कुणालाही हवा तो बदल करता येतो. मास्तर स्वतः वीस वर्षं तीच वापरत. पण मास्तर नुसती वापरत, कौस्तुभ प्रवचन देई.

त्याच गावात दिगंबर खासनीस नावाचे निवृत्त टंकलेखक होते. चौतीस वर्षं न्यायालयात लोकांच्या साक्षी टाइप करण्यात गेलेली. त्यांचा संगणक थकला होता, आणि त्यातल्या विकतच्या प्रणालीची देखभाल कंपनीने थांबवली होती. कौस्तुभ एका दुपारी गेला, दीड तासात जुनं सगळं पुसलं आणि मुक्त प्रणाली बसवली. मराठी अक्षरांची टाइपरायटरची मांडणीही काढून टाकली आणि नवी दिली.

"काका, स्वर सगळे डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. किती शास्त्रशुद्ध बघा!"

नव्या मांडणीचा छापील तक्ता त्याने भिंतीला चिकटवला, चहा घेतला आणि कृतार्थ होऊन निघाला. काका "छान, छान" म्हणाले. साक्ष चालू असताना मध्ये बोलायचं नाही, ही त्यांची जन्माची सवय.

यानंतर पंधरा दिवसांनी कौस्तुभ जेवून मास्तरांच्या दुकानात परतला. संध्याकाळपर्यंत एका शाळेचं काम पाठवायचं होतं. तो बसला, बोटं धावू लागली, आणि पडद्यावर नुसता कचरा उमटला. त्याने खाली पाहिलं. कळफलकावरच्या इंग्रजी कळा कुणीतरी उपटून ए, बी, सी, डी अशा क्रमाने बसवल्या होत्या, आणि प्रणालीच्या आतही तोच बदल करून ठेवला होता. मास्तर कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचत होते.

"मास्तर, हे कुणी केलं?"

"मी."

"पण का?"

"एच्या शेजारी बी, बीच्या शेजारी सी. पहिलीतलं पोरसुद्धा शोधून काढेल. तुझी ती जुनी मांडणी कुणी डोकं फिरलेल्यानं केली असावी. ही कशी शास्त्रशुद्ध!"

"अहो, पण माझ्या बोटांना सवय आहे ना! काम अडलंय माझं."

"तक्ता छापून देऊ? भिंतीला चिकटव."

"चेष्टा पुरे झाली, मास्तर. निदान विचारायचं तरी होतंत!"

हे वाक्य तोंडातून सुटलं आणि कौस्तुभच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

मास्तरांनी वर्तमानपत्राची घडी घातली. त्यांच्या चेहऱ्यावरचा खट्याळपणा मावळला.

"सकाळी मालिनीबाई खासनीस येऊन गेल्या. म्हणाल्या, 'मास्तर, पंधरा दिवस झाले, यांनी मला एक टोमणा मारला नाही हो.'"

"मग बरंच झालं की."

"बाईंना ऐकू येत नाही, कौस्तुभ. चार वर्षं झाली. आणि खासनिसांना काचबिंदू आहे. समोरचं माणूस धूसर दिसतं, कागदावर लिहायला गेले तर ओळीवर ओळ चढते. ते बोटांच्या ओळखीनं टाइप करतात, पडद्यावर मोठाली अक्षरं उमटतात, बाई ती वाचतात आणि तोंडानं उत्तर देतात. त्या घरातलं सगळं बोलणं, सगळं भांडण त्या यंत्रावर चालतं. तू तो तक्ता कुणासाठी लावलास?"

त्या दीड तासात आपण पडद्यावरून मान वर केली होती का, हे कौस्तुभला आठवेना.

"जुनं सगळं परत बसवून देतो," तो पुटपुटला.

"त्यांना हवं असेल तर तेही दे. पण ती प्रणाली आता फार दिवसांची सोबती नाही. आपली प्रणाली वाकते, हा तिचा मोठा गुण. मात्र ती आपण होऊन वाकत नाही, कुणीतरी तिला वाकवावं लागतं. तुला-मला ते जमतं, म्हणून आपण तिचे गोडवे गातो. साध्या घरात असा माणूस नसतो. हाक मारल्यावर येणारा कुणी असेल, तर ती त्या घरात सुखानं नांदते. बसवणाराच पाठ फिरवून निघून गेला, तर त्या मुक्तीचं त्यांनी करायचं काय?"

कौस्तुभने कळफलक पुढ्यात ओढला. स्वतःच्या कळा पूर्ववत करायला त्याला तासभर लागला. मांडणी आतून कशी बदलतात, ते त्या तासात पक्कं समजलं. शाळेचं काम पाठवून तो थेट खासनिसांकडे गेला.

"काका, चुकलो. जुनी प्रणाली परत आणू, की हीच तुमच्या हाताला बसेल अशी करू?"

"कुठलीही ठेव रे," खासनीस म्हणाले. "माझी अक्षरं तेवढी माझ्या जागेवर दे."

तीन दुपारी दोघे शेजारी बसले. खासनीस डोळे मिटत, बोटं कळांवर ठेवत आणि सांगत, "इथं क. याच्या वर अर्धा श. नाही, करंगळीखाली." कौस्तुभ एकेक अक्षर त्या बोटाखाली आणून ठेवत होता. तिसऱ्या दिवशी सगळी अक्षरं आपापल्या घरी आली. खासनिसांनी टेबलावर थाप मारली. लाकडी जमिनीतून कंप जाणवला तशा मालिनीबाई हात पुसत येऊन उभ्या राहिल्या.

खासनिसांनी न अडखळता एक ओळ टाइप केली. अक्षरं एवढी मोठी होती की कौस्तुभलाही ती वाचावीच लागली.

'गेल्या गुरुवारी स्वयंपाकघरात तू रडत होतीस. काय झालं होतं?'

ज्यांना स्वतःचा हुंदका ऐकू येत नाही, त्यांना वाटलं असावं की तो कुणालाच ऐकू गेला नाही. मालिनीबाई बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिल्या. मग कौस्तुभकडे न बघता म्हणाल्या, "तू आता घरी जा, बाळा."

त्याने पाऊल न वाजवता दार ओढून घेतलं. आतून आधी बाईंचा आवाज आला, मग कळांचा, मग पुन्हा बाईंचा. तो जिना उतरू लागला.

कुणाच्या घरी काही नवं बसवायला जाल, तेव्हा पिशवी उघडण्याआधी घटकाभर नुसते बसा, आणि त्या घरात कोण कुणाशी कसं बोलतं ते पाहा.